आंब्याच्या पेटीमागचा धूर

एप्रिलच्या अखेरीस रत्नागिरीहून हापूसची चार डझनांची पेटी घरी येते, तेव्हा तिच्या भावाबद्दल घरात बरीच चर्चा होते. ती इथवर आणताना हवेत किती धूर सोडला गेला, याबद्दल मात्र कोणी काही बोलत नाही. भाव दुकानदार तोंडावर सांगतो, धुराचा आकडा कोणी सांगत नाही, म्हणून तो विषय निघतच नाही. पण तो आकडा काढता येतो आणि त्यासाठी त्रैराशिकापलीकडचे गणित लागत नाही. मालाच्या वाहतुकीचा आणि वितरणाचा पर्यावरणावर होणारा परिणाम हा एरवी मोठमोठ्या अहवालांचा विषय आहे. तो समजून घ्यायला ही एक पेटी पुरते.

सुरुवात ट्रकपासून करू. डिझेलचा एक लिटर जळला की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पेट्रोलच्या एका लिटरमागे सुमारे २.३ किलो. लिटरभर इंधन किलोभरही भरत नाही, मग त्याचा धूर जवळजवळ तिप्पट वजनाचा कसा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. इंधनातला कार्बन जळताना हवेतला प्राणवायू जोडून घेतो आणि ते वजनही धुरात धरले जाते, हे त्याचे उत्तर. आता रत्नागिरी ते वाशी हे अंतर ३४० किलोमीटर धरू. सगळी बांधाबांध धरून १२ किलो वजनाच्या ७५० पेट्या, म्हणजे ९ टन माल, एका ट्रकमध्ये भरला आणि घाटवळणांच्या रस्त्यावर त्या ट्रकला लिटरमागे ४ किलोमीटर मिळाले, तर वाशीला पोहोचेपर्यंत ८५ लिटर डिझेल लागते आणि सुमारे २३० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो ७५० पेट्यांवर वाटला की एका पेटीच्या वाट्याला ३०० ग्रॅमच्या आसपास येतो. हिशेब ठोकळ आहे. गाडीचे वय, रस्त्याची अवस्था आणि चालकाची सवय यांनुसार तो वरखाली होईल, पण त्याचा अंदाज चुकीचा नाही. सगळा कोकण पालथा घालून आलेल्या पेटीच्या मानाने ३०० ग्रॅम हा आकडा फारच लहान वाटतो, आणि तो खरोखरच लहान आहे.

मात्र या हिशेबात एक गोष्ट सुटली आहे, ती म्हणजे ट्रकला परतही जायचे असते. आंब्याच्या दिवसांत कोकणातून बाहेर जाणारा माल अफाट असतो आणि आत येणारा माल त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे परतीचे भाडे मिळाले नाही तर गाडी मोकळी जाते. मोकळी गाडी हलकी असते, तिला लिटरमागे ६ किलोमीटर मिळतात असे धरले तरी ५७ लिटर डिझेल जळतेच आणि १५० किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइडची भर पडते. हा धूर कोणाच्या नावावर लिहायचा? गाडीत काहीच नव्हते, म्हणून तो ज्या मालासाठी गाडी निघाली होती त्याच आंब्याच्या नावावर जातो आणि पेटीमागचा आकडा ३०० ग्रॅमवरून ५०० ग्रॅमच्या पुढे सरकतो. वाहतुकीच्या धंद्यात मोकळी फेरी म्हणजे पैशाचे नुकसान, हे कोणत्याही गाडीमालकाला सांगावे लागत नाही. तेच नुकसान हवेचेही असते आणि ते दोन्ही एकाच वेळी होते, म्हणून पर्यावरणाच्या दृष्टीने पहिला प्रश्न माल किती लांबून आला हा नसून गाडी किती भरलेली होती हा असतो.

आता पेटी वाशीच्या फळबाजारात आहे. तिथून ती छोट्या टेम्पोने आपल्या परिसरातील विक्रेत्याकडे जाते. त्या थोड्या अंतराचा हिशेब मी सोडून देतो. आपण स्कूटर काढून पाच किलोमीटरवरच्या मंडईत जातो, पेटी पायाशी ठेवून परत येतो. येऊन-जाऊन दहा किलोमीटर झाले आणि स्कूटरला लिटरमागे ४५ किलोमीटर मिळत असतील, तर या फेरीत साधारण ५०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे मोकळी फेरी धरूनही रत्नागिरी ते वाशी प्रवासात त्या पेटीच्या वाट्याला जेवढा धूर आला, जवळपास तेवढाच आपण शेवटच्या पाच किलोमीटरसाठी सोडला. मोटार काढली असती तर हाच आकडा १.९ किलोवर गेला असता. घाऊक भावात पेटी मिळते म्हणून ठाण्याहून रविवारी सकाळी मोटारीने वाशी गाठणारी कुटुंबे माझ्या ओळखीत आहेत, आणि एके काळी मीही त्यांतलाच होतो. येऊन-जाऊन ४० किलोमीटरच्या त्या फेरीत साडेसात किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे संपूर्ण कोकण प्रवासाच्या पंधरापट. वाचवलेले दोनशे रुपये बहुधा पेट्रोलात गेलेले असतात, पण त्याचा हिशेब आपण कधी करत नाही.

हे गणित उलटे वाटते, कारण लांबचा प्रवास म्हणजे जास्त प्रदूषण असा आपला सरळ समज असतो. प्रत्यक्षात ट्रक ७५० पेट्यांसाठी चाललेला असतो आणि आपली मोटार एका पेटीसाठी. याच कारणाने, एका फेरीत तीस-चाळीस घरांना माल पोहोचवणारी डिलिव्हरीची गाडी तीस-चाळीस मोटारींच्या वेगवेगळ्या फेऱ्यांपेक्षा स्वच्छ ठरते. मात्र तीच गाडी दहा मिनिटांत माल पोहोचवण्याच्या हट्टापायी एकेका घरासाठी सुटू लागली, किंवा ग्राहक घरी नाही म्हणून पेटी परत नेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा आणू लागली, तर तिचा सगळा फायदा वाहून जातो. फेऱ्या एकत्र करायला वेळ लागतो आणि घाई त्या वेळेवरच घाला घालते.

आतापर्यंत आपण जमिनीवरून चाललो आहोत. परदेशात जाणाऱ्या आंब्याची गोष्ट अगदी वेगळी आहे, आणि खरे पाहता आंब्याच्या बाबतीत धुराचा मोठा प्रश्न तिथेच आहे. मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. एक टन माल एक किलोमीटर विमानाने नेण्यासाठी अर्धा किलो किंवा त्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कंटेनर जहाजासाठी हाच आकडा साधारण १० ते २० ग्रॅम असतो. म्हणजे विमानाने गेलेल्या प्रत्येक किलो आंब्यामागे किमान साडेतीन किलो, तर सुएझ कालव्यातून गेलेल्या जहाजाने, समुद्रमार्ग कितीतरी लांबचा असूनही, दोन-अडीचशे ग्रॅमच्या आतबाहेर. कंटेनर थंड ठेवण्याची वीज धरली तरी तफावत दहापटीच्या खाली येत नाही. यावर निर्यातदार एक युक्तिवाद करतात: आंब्याचे खोके बहुतेकदा प्रवासी विमानाच्या पोटातून जातात आणि ते विमान तसेही उडणारच असते. युक्तिवाद पूर्ण खोटा नाही, पण विमान कंपनीचे त्या मार्गावरचे गणित प्रवाशांच्या तिकिटांबरोबर मालाच्या भाड्यावरही बसलेले असते, त्यामुळे आंबा त्या उड्डाणात फुकटचा पाहुणा ठरत नाही.

मग सगळा हापूस जहाजानेच का पाठवत नाहीत? कारण हापूस ऐकत नाही. झाडावरून उतरवल्यानंतर तो आढीत घालताच काही दिवसांत पिकतो, पिकल्यावर थोडेच दिवस टिकतो, आणि फार थंड ठेवला तर साल काळवंडते व चव जाते, म्हणजे शीतगृहाचा उपाय त्याला एका मर्यादेपर्यंतच मानवतो. नाशिकच्या द्राक्षांचे तसे नाही. शून्य अंशाच्या आसपास ती कित्येक आठवडे टिकतात, म्हणून न्हावा शेवा बंदरातून थंड कंटेनरमध्ये भरून ती समुद्रमार्गे रॉटरडॅमला जातात. युरोपातल्या दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली महाराष्ट्राची ही दोन फळे दिसायला सारखीच प्रवास करून आलेली असतात, पण त्यांच्या मागच्या धुरात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो फरक शेतकऱ्याने किंवा व्यापाऱ्याने ठरवलेला नसून बऱ्याच अंशी फळाच्या सालीने ठरवलेला असतो. अर्थात समुद्रमार्गही नेहमी सरळ राहत नाही. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपला वळसा घातला. २०२४ च्या हंगामात नाशिकच्या द्राक्षांचा प्रवास त्यामुळे सुमारे दोन आठवड्यांनी वाढला. येमेनच्या किनाऱ्यावर जे घडते, त्याने निफाडच्या घडामागचा धूर वाढतो.

आंब्याच्या बाबतीत वाट शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेत जाणाऱ्या भारतीय आंब्यावर विकिरण प्रक्रिया, म्हणजे फळातली कीड निकामी करण्यासाठी किरणांचा मारा, सक्तीची आहे. २००७ मध्ये लासलगावच्या केंद्रातून ही निर्यात सुरू झाली आणि पुढे वाशीलाही विकिरणाची सोय झाली. जून २०२२ मध्ये वाशीत प्रक्रिया केलेला आंबा प्रथमच विमानाऐवजी जहाजाने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पाठवण्यात आला आणि साडेतीन आठवड्यांच्या प्रवासानंतर तो विकण्याजोग्या अवस्थेत पोहोचला. अशा खेपा वाढल्या, तर आंब्याच्या निर्यातीमागचा धूर एका फटक्यात जेवढा कमी होईल, तेवढा तो कागदी पिशव्या वाटून कधीच होणार नाही. सर्वांत कमी धुराचा परदेशी आंबा मात्र आजही आमरसाच्या डब्यातलाच आहे. त्याला ना थंडी लागते, ना घाई. पत्र्याच्या डब्यासाठी ऊर्जा खर्च होते हे खरे, पण तो निवांत जहाजाने जातो आणि दुकानाच्या फळीवर वर्षभर बसून राहतो.

थंडीचा विषय निघालाच आहे, तर तिचा आणखी एक पैलू सांगायला हवा. थंड कंटेनर किंवा शीतगृह वीज खाते, हे सगळ्यांना कळते. पण त्याच्या नळ्यांमधून फिरणारा वायू सहसा लक्षात घेतला जात नाही. आर-१३४ए हा त्यांतला नेहमीचा वायू. तो हवेत सुटला, तर १०० वर्षांच्या कालावधीत तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या किमान १,३०० पट तापमानवाढ करतो. जोडणीतून गळणाऱ्या एका किलोचा अर्थ असा की, वर काढलेल्या हिशेबाप्रमाणे आंब्याने भरलेल्या ट्रकच्या वाशीपर्यंतच्या पाच-सहा फेऱ्यांइतके नुकसान, तेही डोळ्यांना धूर न दिसता. अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्यासाठी मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारात २०१६ मध्ये किगाली येथे झालेल्या दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, मात्र आपली कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे. तोपर्यंत गॅस भरणारा मेकॅनिक गळती शोधून सांधा नीट बसवतो, की नुसता गॅस पुन्हा भरून मोकळा होतो, यावर बरेच काही अवलंबून राहणार आहे.

तरीही थंडीला नावे ठेवण्याआधी, ती नसेल तर काय होते ते पाहिले पाहिजे. तीन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका बागायतदाराने आम्हाला कुरिअरने पेटी पाठवली होती. शनिवारी ती शहरातल्या गोदामात पोहोचली, रविवारी सुटी, सोमवारी कसलासा गोंधळ, आणि मंगळवारी पेटी दारात आली तेव्हा तिच्या खालच्या कोपऱ्यातून रस झिरपत होता. आम्ही पेंढा उलगडून एकेक फळ बाहेर काढले, चाचपून पाहिले, आणि ४८ पैकी १८ आंबे फेकून दिले. पैशाची हळहळ दोन दिवस टिकली. हिशेबाच्या दृष्टीने मात्र त्या १८ फळांसाठी झाडाला घातलेले खत, फवारणीच्या पंपाचे इंधन, पेटीचे लाकूड, ट्रकचे डिझेल आणि गोदामातला दिवा असे सगळेच वाया गेले होते. उरलेल्या ३० आंब्यांना आता सगळ्या ४८ आंब्यांच्या धुराचा बोजा उचलावा लागला. शिवाय फेकलेले आंबे ओल्या कचऱ्यातून खतात न जाता कचराभूमीच्या ढिगाखाली दाबले गेले, तर तिथे प्राणवायूशिवाय कुजून त्यांचा मिथेन होतो, आणि मिथेन हा शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक वायू आहे.

भारतात ४० टक्के फळे-भाज्या सडून जातात, असे वाक्य भाषणांत हमखास ऐकू येते. लुधियानाच्या सीफेट या केंद्रीय संशोधन संस्थेने देशभर प्रत्यक्ष मोजणी करून २०१५ मध्ये जे आकडे दिले, त्यांनुसार काढणीनंतरचे हे नुकसान फळे आणि भाज्यांत ४.५८ ते १५.८८ टक्के होते, आणि वरच्या टोकाला पेरू होता. म्हणजे ४० टक्के ही अतिशयोक्ती आहे. पण सहा पेरूंतला एक वाटेत जातो, ही गोष्टही लहान नाही. अन्नसाखळ्यांचा एक मोठा जागतिक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अन्नामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्केच निघाला. बाकीचा मुख्य भार शेतात, गोठ्यात आणि जमिनीच्या वापरात पडलेला होता. म्हणून वाहतुकीतले दोन लिटर डिझेल वाचवण्यासाठी फळ खराब होऊ देणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. २०११ पासून रखडलेल्या मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांत आदळून दबलेली पेटी म्हणूनच दुहेरी नुकसान करते: गाडीचे डिझेल जास्त जळते आणि फळही लवकर नासते.

ट्रकला पर्याय नाही का? कोकणात तर तो डोळ्यांसमोर आहे. रेल्वेने एक टन माल एक किलोमीटर नेताना ट्रकच्या एक तृतीयांशाहूनही कमी कार्बन खर्च होतो, आणि २०२२ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग विजेवर आला. याच मार्गावर २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू झाली, ज्यात मालाने भरलेले ट्रक तसेच्या तसे सपाट वाघिणींवर चढवून नेतात. चालक आपल्याच केबिनमध्ये बसून प्रवास करतो आणि इंजिन बंद असते. कागदावर याहून चांगली व्यवस्था सुचणार नाही. पण बागेत सकाळी उतरवलेला आंबा दुपारी भरून रात्री निघायचा आणि पहाटेच्या बाजाराला लागायचा, हे आंब्याचे वेळापत्रक रेल्वेच्या वेळापत्रकात बसवणे अवघड जाते. साध्या मालगाडीला पेटी दोनदा जास्त चढवावी-उतरवावी लागते, आणि प्रत्येक वेळी थोडी फळे दबतात. ऑगस्ट २०२० मध्ये देवळाली ते बिहारमधील दानापूर अशी पहिली किसान रेल धावली, तेव्हा तिने हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडवला: मधल्या स्थानकांवर थोडा थोडा माल चढवण्याची-उतरवण्याची मुभा दिली. अंतर हजार किलोमीटरच्या पुढे गेले की रेल्वे ट्रकला सहज मागे टाकते. ३४० किलोमीटरवर ती झगडत राहते.

लहान अंतरासाठी माझे झुकते माप एसटीच्या पार्सलला आहे. रत्नागिरीहून निघालेली रातराणी प्रवाशांसाठी जाणारच असते, तिच्या पोटातल्या चार पेट्यांमुळे डिझेलचा खर्च नाममात्र वाढतो. विमानाच्या पोटातल्या खोक्यांबद्दल वर जो युक्तिवाद नाकारला, तो इथे मी स्वीकारतो आहे हे मला दिसते. फरक इतकाच की एसटीची फेरी पार्सलच्या पैशांवर ठरत नाही, गावच्या माणसांवर ठरते.

हा सगळा धूर कोणी मोजावा, हा प्रश्न अलीकडे कंपन्यांच्या दफ्तरात पोहोचला आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीनुसार उत्सर्जनाचे तीन स्कोप धरतात: कंपनीने स्वतः जाळलेले इंधन हा पहिला, तिने विकत घेतलेली वीज हा दुसरा, आणि पुरवठादारापासून ग्राहकापर्यंत इतरांच्या हातून झालेले सर्व उत्सर्जन हा तिसरा. आंब्याचा रस विकणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने बाग, पेटी, भाड्याचा ट्रक आणि आपल्या घरचा फ्रिज हे सगळे तिसऱ्यात येते, आणि बहुतेक उद्योगांत हाच स्कोप सर्वांत मोठा असतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. अडचण अशी की कोकणातला बागायतदार, दोन गाड्यांचा मालक आणि वाशीचा आडत्या यांपैकी कोणीच डिझेलची नोंद कार्बनच्या हिशेबाने ठेवत नाही, त्यामुळे मोठ्या कंपनीच्या अहवालातला तिसऱ्या स्कोपचा आकडा बहुधा कोष्टकातल्या सरासरीवरून काढलेला असतो. मी वर केला तसाच, फक्त जास्त नीटनेटक्या तक्त्यात.

वाशीच्या बाजाराबाहेर पहाटे गाड्या मोकळ्या होतात, तेव्हा खरी निवड तिथे चालकापुढे उभी असते. दिवसभर थांबून खेडच्या, चिपळूणच्या दुकानदारांचा किराणा, सिमेंट किंवा कांदा-बटाटा मिळतो का ते पाहायचे, की मालकाचा फोन आला म्हणून लगेच मोकळे निघून रात्री दुसरी खेप भरायची. हंगाम दोन महिन्यांचा आहे आणि आंब्याचे भाडे चांगले आहे, त्यामुळे मे महिन्यात बहुतेक जण दुसरा पर्याय घेतात. पार्किंगमध्ये एखादा जण मात्र फळीवर चहाचा ग्लास ठेवून ओळखीच्या दलालाला तिसऱ्यांदा फोन लावत असतो: परतीला निम्मी गाडी भरेल एवढे तरी आहे का?